वाटा

परुळे तिठ्यावर, बँकेच्या जिन्याखाली
माझं छपाईचं दुकान.
लग्नपत्रिका, आगळाच्या बाटल्यांची लेबलं,
दशावताराची पोस्टरं, बाराव्याची कार्डं
सगळं एकाच प्रोग्रामवर जुळवतो,
जो मी विकत घेतला नाही
आणि चोरलाही नाही.
त्याआधीचा चोरलेला होता,
कुडाळहून तीस रुपयांना आणलेली सीडी.
दर पंधरा दिवसांनी मरायचा.

हा नऊ वर्षं चालतोय.
बंद करताना कोपऱ्यात चौकट येते:
उपयोग झाला असेल तर हातभार लावा.
नऊ वर्षं मी ‘नंतर’ दाबलं.
आता हात आपोआप तिकडेच वळतो,
तिन्हीसांजेला म्हैस गोठ्याकडे वळते तसा.

भोगव्याला रापण ओढतात तेव्हा
दोराला हात लावेल त्याला वाटा.
वाटसरू असो, शाळा चुकवलेला पोर असो,
चार तारल्या तरी पदरात पडतात.
माझं उलटं.
वाटा रोज घरी नेतोय
आणि दोर कुठे आहे तेच ठाऊक नाही.

चतुर्थीच्या आधी पाचशे रुपये पाठवायला बसलो.
कार्ड म्हणालं, परदेशी व्यवहार बंद.
जिना चढून वर गेलो.
खवणेकर मॅडमनी फॉर्म पुढे सरकवला.
कोणाला पाठवताय?
म्हटलं, पुष्कळजण आहेत, नावं माहीत नाहीत.
नातं?
पेन हातात तसंच राहिलं.
ज्यांच्या जिवावर पोरीची फी भरली
आणि ज्यांचं तोंड पाहिलं नाही,
त्यांना काय म्हणतात?
मॅडमनी थोडी वाट पाहिली,
मग स्वतःच लिहिलं: ‘इतर’.
अकराव्या दिवशी पैसे परत आले,
बँकेचा आकार कापून.

लुर्दीन डिसोजा दुपारनंतर कामाला येते.
ती म्हणाली, पैसेच कशाला?
नवी आवृत्ती आल्यापासून अर्धा र बिघडला होता.
दऱ्या टाइप करावं तर दर्या उमटायचा.
गिर्यारोहकांच्या एका पत्रकात
सह्याद्रीत समुद्र घुसला होता.
आम्ही शिव्या घालत एकेक अक्षर हाताने नीट करायचो.
शिव्या इथे घालून उपयोग नाही, ती म्हणाली,
तिकडे कळवूया.

मग गाऱ्हाणं घातलं, रीतसर.
बा देवा म्हाराजा, ह्यो अर्धो र मोडलो हा,
तो सरळ कर रे म्हाराजा.
लुर्दीन टाइप करता करता म्हणाली, व्हय म्हाराजा.
कुठली आवृत्ती, कुठलं अक्षर,
कसं दिसतं, कसं दिसायला हवं,
सोबत दोन फोटो.

पहाटे उत्तर आलं होतं.
आभारी आहोत.
आमच्यातल्या कोणालाच ही लिपी वाचता येत नाही.
तुम्ही सांगितलं नसतं तर
आम्हाला ते बरोबरच वाटलं असतं.

मी ते तीनदा वाचलं.
वाचता न येणारी अक्षरं
कोणीतरी नऊ वर्षं माझ्यासाठी घासूनपुसून ठेवत होतं.

आता लुर्दीन संध्याकाळी बटणांची मराठी करते.
‘जतन करा’ की ‘ठेवून द्या’,
यावर आमचं आठवडाभर भांडण झालं.
पैशांचीही वाट सापडली, तिच्या आतेभावाकडून,
तो तिकडे जहाजावर असतो.
काउंटरवर आगळाची रिकामी बरणी ठेवली आहे,
वर चिठ्ठी: अक्षरं फुकट देणाऱ्यांसाठी.
पत्रिका न्यायला येणारे सुट्टे टाकतात,
काही जण काढूनही घेतात.

परवा रापणीवरचा भिवा आला,
पोराच्या बारशाची कार्डं न्यायला.
चिठ्ठी वाचून म्हणाला, खंयचे हे?
म्हटलं, लांबचे. एकमेकांना न बघता ओढतात.
तो बाहेर गेला, सायकलची पिशवी घेऊन आला.
पैसे नाय. ह्ये तेंका दी.

सहा बांगडे, ताजे, डोळे लख्ख.
बरणीच्या तोंडातून जाईनात.
तीन लुर्दीनने नेले, तीन मी.
रात्री दोघांनी मिळून तिकडे कळवलं,
बांगडे पोचले, चव चांगली होती.